नोटीस निघेपर्यंत गुन्हाच नाही

इंग्लंडमध्ये एखाद्याने बुरशीने काळ्या पडलेल्या भिंतींचे घर एका कुटुंबाला दहा वर्षे भाड्याने दिले, तरी केवळ त्या भिंतींसाठी काउन्सिल (तिथली स्थानिक नगरपालिका) त्याला दंड करू शकत नाही, अशीच २००४ च्या हाउसिंग ॲक्टची रचना आहे. घर धोकादायक असणे हा या कायद्याखाली गुन्हा नाही. काउन्सिलने ‘सुधारणा करा’ अशी नोटीस बजावल्यावर ती न पाळणे हा गुन्हा आहे. दंड, खटला, मालकाच्या खर्चाने काउन्सिलने करून घेतलेली दुरुस्ती हे सगळे नोटिशीच्या पुढचे टप्पे आहेत. नोटीस नसेल तर मागच्या दहा वर्षांबद्दल मालकाला काहीच भोगावे लागत नाही.

कायदा असा असताना बहुतेक काउन्सिलांची रीत नेमकी उलटी आहे. तिथे नोटीस हे शेवटचे हत्यार समजले जाते. आधी फोन, मग सौम्य पत्र, मग आठवणीचे पत्र, आणि तोवर भाडेकरू घर सोडून गेलेला असतो. काउन्सिलांकडे अधिकार कमी आहेत, ही तक्रार मला पटत नाही. त्यांच्याकडे अधिकार भरपूर आहेत. ते सुरू करणारी एकच कळ आहे आणि ती दाबायची टाळाटाळ होते.

हा प्रश्न लहान नाही. इंग्लंडमध्ये सुमारे ४६ लाख कुटुंबे खाजगी मालकांच्या भाड्याच्या घरात राहतात, म्हणजे पाचातले जवळपास एक. सरकारच्याच घरपाहणीनुसार यातली साधारण पाचवा हिस्सा घरे ‘डीसेंट होम्स’ या किमान कसोटीला उतरत नाहीत. काउन्सिल आणि हाउसिंग असोसिएशन (माफक भाड्याने घरे देणाऱ्या ना-नफा संस्था) यांच्या घरांत हे प्रमाण याच्या निम्मे आहे. लेस्टर, कॉव्हेन्ट्री, स्लाउ, हॅरो, वेम्ब्ली इथे उतरणारी मराठी मुले आणि नव्याने नोकरीवर आलेली जोडपी याच बाजारात घर शोधतात. (स्कॉटलंड आणि वेल्समधले कायदे वेगळे आहेत, इथले सगळे इंग्लंडपुरते.)

मुंबई-पुण्याहून आलेल्याला यातले काही नवलाचे वाटेल. आपल्याकडे महापालिका इमारत पडायला आली की दार ठोठावते. भाड्याच्या खोलीत शिरून थंडी आणि ओल मोजणारा माणूस तिच्याकडे नसतो. तो भाग भाडे नियंत्रण कायद्याने मालक-भाडेकरूंवर सोडलेला आहे. इंग्लंडमध्ये तो माणूस असतो. काउन्सिलचा एन्व्हायर्नमेंटल हेल्थ ऑफिसर किंवा खाजगी घरांच्या विभागातला निरीक्षक घरात येऊन धोक्याचे गुण काढतो. २००६ पासून चालत आलेल्या या पद्धतीला एचएचएसआरएस (हाउसिंग हेल्थ अँड सेफ्टी रेटिंग सिस्टिम) म्हणतात. तिच्या मूळ यादीत २९ धोके आहेत: अतिथंडी, ओल आणि बुरशी, आग, वीज, जिन्यावरून पडणे, दाटीवाटी, कार्बन मोनॉक्साइड इत्यादी.

गुण कसे निघतात ते पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. कठडा नसलेला, अरुंद पायऱ्यांचा, अंधारा जिना घ्या. अधिकारी दोन गोष्टी ठरवतो. पुढच्या १२ महिन्यांत इथे कोणी पडून उपचार घ्यावे लागण्याची शक्यता किती, आणि पडलेच तर इजा कोणत्या वर्गातली. इजेचे चार वर्ग आहेत: मृत्यू किंवा कायमचा पक्षाघात अशा टोकाच्या इजेला १०,००० भार, त्याखालच्या वर्गांना अनुक्रमे १,०००, ३०० आणि १०. समजा इजांची वाटणी २.२, ४.६, २१.५ आणि ७१.७ टक्के अशी धरली, तर भार आणि टक्के गुणून बेरीज ३३,७६७ येते. तिला शक्यतेतल्या मोठ्या आकड्याने भागायचे. अधिकाऱ्याने ‘१८ मध्ये १’ लिहिले तर गुण १,८७६. ‘३२ मध्ये १’ लिहिले तर १,०५५. त्याच्या पुढची पायरी, ‘५६ मध्ये १’, धरली की गुण ६०३.

हजार आणि त्यावर पहिला वर्ग, हजाराखाली दुसरा. पहिल्या वर्गाचा धोका सापडला की कायद्याच्या कलम ५ नुसार कारवाई करणे काउन्सिलला बंधनकारक होते. दुसऱ्या वर्गात कलम ७ तिला फक्त मुभा देते. म्हणजे त्याच जिन्यासमोर उभ्या असलेल्या दोन अनुभवी अधिकाऱ्यांमध्ये एका पायरीचा मतभेद झाला, तर एकाच्या हातून काउन्सिलचे कर्तव्य जन्माला येते आणि दुसऱ्याच्या हातून नुसती मुभा. आधीच फायलींखाली वाकलेल्या विभागात हा मतभेद कोणत्या दिशेने झुकत असेल हे सांगायला नको.

आणखी एक बारकावा भाडेकरूंना क्वचित माहीत असतो. गुण काढताना घरात प्रत्यक्ष कोण राहते ते बघायचे नसते. अतिथंडीसाठी ६५ किंवा त्याहून जास्त वयाचा माणूस, ओल-बुरशीसाठी १४ किंवा त्याहून लहान मूल, जिन्यासाठी साठीपलीकडचा माणूस तिथे राहतो असे समजून मोजायचे. ‘तुम्ही तरुण आहात, तुम्हाला चालेल’ हे उत्तर गुण देताना गैरलागू आहे. ते पुढे कोणती कारवाई करायची हे ठरवताना विचारात येते, आणि या दोन टप्प्यांची सरमिसळ करून तक्रारी बंद केल्या जातात.

बुरशीचे तर निराळेच. सगळ्यात जास्त ओरड तिचीच होते, पण तिचे गुण सहसा हजाराच्या खाली राहतात, कारण तिच्यामुळे होणाऱ्या आजारांचा मोठा भाग खालच्या वर्गांत मोजला जातो. मुरलेला अधिकारी म्हणून त्याच खोलीतली थंडी मोजतो. शासकीय मार्गदर्शिका सांगते की घरात साधारण २१ अंश तापमान आरोग्याला बरे, १९ च्या खाली थोडा धोका सुरू होतो आणि १६ च्या खाली तो गंभीर होतो. एकेरी विटांची भिंत, माळ्यावर जेमतेम बोटभर इन्सुलेशन आणि मालकाने दिलेला प्लगवर चालणारा फिरता हीटर, एवढे असले की अतिथंडी पहिल्या वर्गात जाण्याची शक्यता मोठी. बुरशी ही त्या थंड भिंतीचीच अवलाद आहे; भिंत उबदार केली आणि हवा बाहेर काढली की ती जाते. ‘तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे आत वाळवता’ हे मालकाचे ठरलेले वाक्य ऐकून परत फिरणाऱ्या निरीक्षकाने भिंतीचे तापमान मोजलेले नसते. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे गेला. ते घर हाउसिंग असोसिएशनचे होते. तिथेही कुटुंबाच्या राहणीकडे बोट दाखवून झाले होते.

गुण काढून झाल्यावर काउन्सिलपुढे बरेच मार्ग असतात. सुधारणेची नोटीस, वापरावर बंदीचा आदेश, तातडीची दुरुस्ती, तातडीची बंदी. आणि सगळ्यात खाली हॅझर्ड अवेअरनेस नोटीस, म्हणजे ‘धोका आहे, कळावे’ असा कागद. हा शेवटचा कागद पाठवला तरी कलम ५ चे कर्तव्य पार पडले असे मानले जाते, आणि तो न पाळल्याबद्दल कोणतीही शिक्षा नाही. कायद्याच्या मसुद्यातली ही सगळ्यात मोठी भगदाड माझ्या मते हीच. त्याच्याही खाली अनौपचारिक पत्र, ज्याचा कायद्यात उल्लेखही नाही आणि ज्यावर बहुतेक कारभार चालतो.

पत्राने काय बिघडते? वर्षानुवर्षे त्याने भाडेकरूचे घर गेले. कारण न देता दोन महिन्यांत घर खाली करायला लावणारी, १९८८ च्या हाउसिंग ॲक्टच्या कलम २१ ची नोटीस मालक सूड म्हणून काढत. त्याला आळा घालण्यासाठी २०१५ च्या डीरेग्युलेशन ॲक्टने सहा महिन्यांचे संरक्षण दिले, पण काउन्सिलने सुधारणेची नोटीस किंवा तातडीच्या दुरुस्तीची नोटीस बजावली असेल तरच. अवेअरनेस नोटीस किंवा पत्र यांना ते संरक्षण नव्हते. भाडेकरूने तक्रार केली, काउन्सिलने ‘समजुतीने’ पत्र पाठवले, मालकाने तिसऱ्या दिवशी घर सोडायला सांगितले, आणि कायदा गप्प. रेंटर्स राइट्स ॲक्ट २०२५ ने कलम २१ रद्द केले आहे. १ मे २०२६ ही त्याची तारीख. तरी पत्राचा दुसरा तोटा शिल्लक राहतोच: त्याची नोंद कुठे मोजली जात नाही, आणि पुढच्या भाडेकरूसाठी फाइल पुन्हा शून्यापासून सुरू होते.

यावर काउन्सिलांचे म्हणणे असे की बहुतेक मालक पत्राने ऐकतात आणि नोटिशीला वेळ लागतो. ऐकणाऱ्या मालकाचे नोटिशीने फारसे नुकसान होत नाही. काम झाले की ती मागे घेतली जाते, आणि नोटिशीचा खर्च म्हणून काउन्सिल जी रक्कम लावते ती लंडनच्या एका महिन्याच्या भाड्यापेक्षा सहसा कमीच असते. वेळेचा मुद्दा खरा आहे, पण तो नोटीस लवकर काढण्याच्या बाजूने जातो. नोटीस बजावल्यापासून २८ दिवसांच्या आत काम सुरू करण्याची सक्ती करता येत नाही. मालकाला २१ दिवसांत ट्रायब्युनलकडे (अशा वादांचा निवाडा करणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अपील करता येते आणि अपील झाले की नोटीस लटकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सापडलेल्या थंडीवर त्याच आठवड्यात नोटीस निघाली, तर काम डिसेंबरात सुरू होईल. आधी सहा आठवडे पत्रापत्री केली, तर काम जानेवारीच्या मध्यावर जाते आणि पुरे होईतो हिवाळा संपत आलेला असतो. मग वसंतात येऊन पाहणारा म्हणतो, भिंत आता कोरडी आहे.

नोटिशी रद्द होतात त्या बहुतेक कागदावरच्या चुकांमुळे. नोटीस भाडे गोळा करणाऱ्या एजंटच्या नावे निघते आणि मालक भलताच असतो. घराला परवाना असेल तर ती परवानाधारकावरच बजावावी लागते. घरात हितसंबंध असलेल्या इतरांना सात दिवसांत प्रती द्याव्या लागतात, सोबत कारणांचे निवेदन जोडावे लागते. लँड रजिस्ट्रीतून मालकीचा उतारा काढणे आणि १९७६ च्या स्थानिक सरकार कायद्याखाली माहितीची मागणी पाठवणे ही दोन कामे तपासणीच्या दिवशीच उरकली तर यातले अर्धे टळते. दुसरी चूक मजकुरातली. ‘ओल दूर करावी’ असे लिहिले की मालक बुरशीनाशक रंगाचा डबा आणतो आणि नोटीस पाळली म्हणतो. मजकुरात काम लिहावे लागते: मागच्या भिंतीवरचे फुटलेले गटर बदला, बाहेरची माती ओलरोधक थराच्या १५० मिलिमीटर खालपर्यंत खणून काढा, बाथरूममध्ये सेकंदाला किमान १५ लिटर हवा बाहेर फेकणारा, आर्द्रतेवर आपोआप सुरू होणारा पंखा बसवा आणि त्याची नळी माळ्यावर न सोडता भिंतीबाहेर काढा. ती नळी माळ्यावर सोडणारे कारागीर भरपूर आहेत, आणि मग बुरशी छपराला लागते.

काउन्सिलांच्या भीतीची मुळे मात्र समजून घ्यायला हवीत. प्रशिक्षित अधिकारी कमी आहेत आणि घडायला वर्षे लागतात. घर राहण्यास अयोग्य म्हणून बंद केले तर तिथल्या माणसांची सोय करण्याचा भार काउन्सिलवरच येतो, आणि तिच्याकडे घरे नाहीत. ज्या कारवाईचा पहिला परिणाम स्वतःच्याच बेघर-विभागात रांग वाढण्यात होतो, तिला कोणता विभागप्रमुख उत्साहाने सही करेल? तातडीची दुरुस्ती करायची तर पैसे आधी काउन्सिलने घालायचे, मग ते मालकाकडून वसूल करत बसायचे.

पैशांची सबब मात्र अर्धीच खरी आहे. कोर्टात खटला भरून झालेला दंड सरकारी तिजोरीत जातो. एप्रिल २०१७ पासून काउन्सिल खटल्याऐवजी स्वतः दिवाणी दंड लावू शकते. तो ३०,००० पौंडांपर्यंत होता, २०२५ च्या नव्या कायद्याने मर्यादा ४०,००० केली. ही रक्कम काउन्सिलकडेच राहते आणि खाजगी भाड्याच्या घरांवरच्या अंमलबजावणीवरच खर्च करायची असते. पुरावा मात्र फौजदारी खटल्याच्या तोडीचा लागतो. पुरेसा पुरावा हाती आल्यापासून सहा महिन्यांत इराद्याची सूचना, मग मालकाला म्हणणे मांडायला २८ दिवस, मग अंतिम सूचना, आणि पुन्हा अपीलाला २८ दिवस. दंडाची रक्कम कशी ठरते याचे लेखी धोरण नसेल, किंवा असून अधिकाऱ्याने ते बाजूला ठेवले असेल, तर ट्रायब्युनलमध्ये ती रक्कम टिकवणे अवघड होते. हे सगळे शिकून घेतलेल्या काउन्सिलांत दंडातून एखाद-दुसऱ्या अधिकाऱ्याचा पगार निघतो. न शिकलेल्या काउन्सिलांत ही तरतूद जवळपास नसल्यातच जमा आहे.

नोटीस काढायची तर आधी घर दिसले पाहिजे, आणि घर दिसते ते तक्रार आली तर. इथे दुसरी अडचण. सगळ्यात वाईट घरात राहणारा सगळ्यात कमी तक्रार करतो. परदेशी विद्यार्थ्याकडे इंग्लंडमधला जामीनदार नसतो म्हणून त्याच्याकडून सहा महिन्यांचे भाडे आगाऊ घेण्याची पद्धत पडली. पैसे आधीच गेले, व्हिसाची धास्ती, पत्त्याचा पुरावा मालकाच्या हातात. तो काउन्सिलला फोन कशाला करेल? १ मे २०२६ पासून एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडे घेण्यास बंदी येते, ती या दृष्टीने मोलाची आहे. घर तपासायला आलेला काउन्सिलचा निरीक्षक व्हिसा तपासायला आलेला नसतो, हेही आपल्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

तक्रारीची वाट न बघता घरांपर्यंत पोचायचा मार्ग म्हणजे परवाना. दोन किंवा अधिक कुटुंबांतली मिळून पाच किंवा जास्त माणसे स्वयंपाकघर-बाथरूम वाटून राहत असतील, तर ते घर मोठ्या एचएमओत (हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन, म्हणजे अनेक कुटुंबांनी वाटून राहण्याचे घर) मोडते आणि परवाना सक्तीचा असतो. ऑक्टोबर २०१८ पासून इमारतीच्या मजल्यांची अट उरलेली नाही. एका मोठ्या माणसाच्या झोपण्याच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२. आग लागल्यावर किल्ली न शोधता आतून उघडणारे कुलूप, अर्धा तास आग अडवणारी दारे आणि एकमेकांना जोडलेले अलार्म, हे असल्या घरात बघायचे. या घरांसाठीचे व्यवस्थापनाचे नियम मोडणे आणि विनापरवाना घर चालवणे हे थेट गुन्हे आहेत, तिथे नोटिशीची पायरी नाही. कारवाया याच बाजूला जास्त दिसतात, त्यामागे हे कारण नक्कीच आहे.

साध्या भाड्याच्या घरांसाठी ‘सिलेक्टिव्ह’ परवान्याची योजना काउन्सिल स्वतः आणू शकते. पूर्व लंडनच्या न्यूहॅमने जानेवारी २०१३ मध्ये जवळपास सगळ्या हद्दीत ती आणली, तशी ती पहिलीच. मोठ्या योजनेला लागणारी मंत्र्यांची मंजुरी डिसेंबर २०२४ पासून लागत नाही. मालकांच्या संघटना याला कर म्हणतात, आणि ज्या काउन्सिली फी घेऊन पाच वर्षे एकाही घराची पायरी चढत नाहीत त्यांच्याबाबत ते म्हणणे रास्त आहे. हिंडबर्न काउन्सिलच्या प्रकरणात कोर्ट ऑफ अपीलने २०१८ मध्ये स्पष्ट केले की अशा परवान्याच्या अटींतून घरात नव्या सोयी बसवायला लावता येत नाहीत. अटी व्यवस्थापन आणि वापर यांपुरत्याच. म्हणजे परवान्याने फक्त दार उघडते. आत जाऊन गुण काढून नोटीस काढली नाही, तर परवाना ही पावतीच.

स्लाउने २०१३ मध्ये उष्णता टिपणारा कॅमेरा लावून विमान फिरवले होते, मागच्या आवारातल्या शेडमध्ये माणसे राहतात का ते शोधायला. कल्पना मला आवडते, कारण तीत तक्रारदाराची गरज नव्हती. पण रोजच्या कामाला विमान लागत नाही. काउन्सिल टॅक्सच्या यादीत एका पत्त्यावर दर वर्षी बदलणारी चार आडनावे दिसतात, कचऱ्याचे डबे ओसंडतात, भाडेकरूंची अनामत जपणाऱ्या डिपॉझिट योजनांकडे नोंदी असतात. हे तीन कागद शेजारी ठेवले तरी रस्त्याची यादी तयार होते.

नोटिशीपासून निसटायची एक वाट आता बुजते आहे. मूळ मालकाकडून घर भाड्याने घेऊन खोल्याखोल्या पोटभाड्याने देणारी कंपनी, कारवाईची चाहूल लागताच बंद होणारी. विनापरवाना घरात राहिलेल्या भाडेकरूला दिलेले भाडे परत मिळवून देणारा आदेश फक्त लगतच्या मालकावरच निघू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये राकुसेन विरुद्ध जेप्सन खटल्यात ठरवले, आणि हातात कवडी नसलेल्या कंपन्यांविरुद्धचे आदेश कागदावर राहिले. नव्या कायद्याने वरच्या मालकापर्यंत हात पोचवला आणि परतीची कमाल मर्यादा १२ महिन्यांच्या भाड्यावरून २४ महिन्यांवर नेली.

याच कायद्यात काउन्सिलांवर अंमलबजावणीचे थेट कर्तव्य टाकले आहे, मालकांची राष्ट्रीय नोंदवही येणार आहे, आणि गंभीर धोका दूर करण्यासाठी वाजवी पावले न उचलणाऱ्या मालकाला नोटिशीची वाट न बघता ७,००० पौंडांपर्यंत दंड करण्याची सोय केली आहे. ही शेवटची तरतूद मी मांडलेल्या दोषावरच बोट ठेवते. मात्र ती डीसेंट होम्सची कसोटी खाजगी घरांना लावण्याशी जोडलेली आहे, म्हणून १ मेच्या बदलांबरोबर ती येत नाही. तोवर काउन्सिलांनी स्वतःच्या धोरणात एक ओळ घालायला कोणाची परवानगी लागत नाही: पहिल्या वर्गाचा धोका सापडल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत सुधारणेची नोटीस, आणि अवेअरनेस नोटिशीचा वापर फक्त विभागप्रमुखाच्या लेखी कारणासह.

आणि भाडेकरूने? घरमालकाला आधी ईमेलने कळवावे, फोनवर नव्हे. तारखेसह फोटो आणि दहा-पंधरा पौंडांत मिळणाऱ्या मीटरवरची तापमान-आर्द्रतेची आठवडाभराची नोंद ठेवावी. काउन्सिलला लिहिताना ‘बुरशी आहे’ एवढेच न लिहिता ‘अतिथंडी आणि ओल या दोन्ही धोक्यांसाठी एचएचएसआरएस तपासणी करावी’ असे लिहावे. एचएमओ परवान्यांची नोंदवही सार्वजनिक असते. आपले घर त्यात आहे का ते पाहावे, कारण नसेल तर भाडे परत मागण्याचा हक्क असू शकतो आणि त्याच्या अर्जाची मुदत गुन्ह्यापासून मोजली जाते. तपासणीनंतर कोणत्या धोक्याचा कोणता वर्ग निघाला ते लेखी विचारावे. काउन्सिल गप्प बसली तर तिच्या अंतर्गत तक्रारीनंतर काउन्सिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे जाता येते.

ज्यांना स्वतःची तक्रार नाही पण शहराची काळजी आहे, त्यांच्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे. गेल्या आर्थिक वर्षात खाजगी भाड्याच्या घरांत पहिल्या वर्गाचे किती धोके सापडले, त्यांवर सुधारणेच्या किती नोटिशी निघाल्या, अवेअरनेस नोटिशी किती, आणि दिवाणी दंड लावले किती व वसूल झाले किती, एवढेच प्रश्न पुरेत. फी नाही, आणि उत्तर साधारणपणे २० कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते. पहिला आणि दुसरा आकडा शेजारी ठेवले की आपली काउन्सिल पत्रांवर चालते की नोटिशींवर ते कळते.